व इतर १

सिस्टिम ॲनालिस्ट म्हणजे नक्की काय करते, हे मी आजवर दोनेकशे लोकांना तरी समजावून सांगितलं असेल. त्यातल्या एकालाही ते कळलेलं नाही, अगदी माझ्या अब्बांनाही नाही. दौंडमध्ये आमचं शिलाईचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने विचारलं, "अयुबभाई, तुमची शाहिस्ता काय करते?" की अब्बा सांगायचे, "कॉम्प्युटरमध्ये आहे. पंचायतीचं काम." पुढचा प्रश्न येतोय असं दिसलं की त्याला हात वर करायला लावून छातीचं माप घ्यायला लागायचे.

खरं तर काम सोपं आहे. कचेरीतला माणूस काम कसं करतो ते त्याच्या शेजारी बसून बघायचं, लिहून काढायचं आणि प्रोग्राम करणाऱ्यांना सांगायचं की असं असं करा. प्रोग्राम करणारे पुण्यात एसीत बसतात, मी एस्टीत बसते. पण मला माझं काम आवडतं आणि मी त्यात हुशार आहे. हे मीच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसलं तर जन्म जाईल.

२००६ साली आमच्या कंपनीला ग्रामपंचायतींची घरांची रजिस्टरं कॉम्प्युटरवर घ्यायचं काम मिळालं. सुरुवात एका गावापासून करायची होती. गाव वरवंडच्या जवळ, हायवेला लागून. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि भांडायला कुणाच्या बापाला भीत नाहीत. एक मेच्या ग्रामसभेत नवा संगणकी उतारा सगळ्या गावासमोर काढून दाखवायचा, असं ठरलं होतं. हातात बारा दिवस होते.

गावचे ग्रामसेवक, म्हणजे गावाचे भाऊसाहेब, आण्णा. दोनदा बदली होऊन तिसऱ्यांदा त्याच गावात आलेले आणि मेअखेर रिटायर होणारे. अक्षर इतकं गोल आणि स्वच्छ की छापल्यासारखं वाटावं. मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि रजिस्टरची पानं उलटत गेले. मालकाच्या खान्यात जागोजागी एकच गोष्ट दिसत होती. 'रखमाजी गेनू व इतर १'. खाली दुसरा कुणीतरी 'व इतर १'. त्याखाली पुन्हा तेच.

"आण्णा, हे इतर एक म्हणजे कोण?"

"बायकू," आण्णा मान वर न करता म्हणाले. "सरकारचा हुकूम आलता न्हाई का, घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावा म्हणून? तवा लावली सगळी."

"मग नाव का नाही लिहिलं?"

त्यांनी खान्यावर अंगठा ठेवला. खाना अंगठ्याखाली झाकला गेला. "बोटभर जागा हाय म्याडम. रखमाजी गेनू लिहिता लिहिता रेघ येती. हुकूम नवा निघाला, रजिस्टर मातुर जुनंच."

"मग ही रखमाजीची इतर कोण?"

"चांगुणा. खालची गिताबाई. त्याच्या खालची सोजराबाई." पान न बघता त्यांनी एकामागून एक अकरा नावं सांगितली. मी मोजलं, दोनशे बारा घरांपैकी एकशे सदतीस घरांत 'इतर १' होती. एकशे सदतीस बायका, आणि त्यांची नावं जगात एकाच ठिकाणी होती, आण्णांच्या टाळक्यात.

"आण्णा, तुम्ही मेअखेर घरी जाणार. नवीन भाऊसाहेबांना हे कोण सांगणार?"

"गाव सांगंल की."

"गाव नवऱ्याचं ऐकून सांगेल का बायकोचं?"

आण्णांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

त्याच दुपारी चांगुणाबाई आल्या. राहू गावाकडच्या एका गुऱ्हाळावर कामाला जायच्या, हातावर चिपाडांचे ओरखडे होते. रखमाजी दोन वर्षांपासून भोसरीला दुसरीबरोबर राहत होता. आता हायवेकडेच्या जागांना भाव आला होता आणि तो बापूसाहेबांना घर विकायला निघालाय, असं त्यांच्या कानावर आलं होतं. बापूसाहेब म्हणजे गावचे माजी सरपंच, शंभर एकरांचे धनी. त्या घरात चांगुणाबाई आणि नववीतली मुलगी अपेक्षा, अशा दोघीच राहायच्या.

"भाऊसाहेब, घरावर माझं नाव हाय का न्हाई, येवढंच बघा."

"हाय की. इतर एकमधी हायेस तू."

चांगुणाबाईंनी त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. "इतर म्हंजी मी, हे कुठं लिवलंय?"

मी आयुष्यात पुष्कळ मीटिंगा केल्या आहेत. साहेबांनी विचारलेले प्रश्नही ऐकले आहेत. पण कामाचा इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. मला लाज वाटली, कारण आमच्या प्रोग्रामात काय आहे ते मला माहीत होतं.

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. सत्यजीत आमचा प्रोग्रामर, माणूस हुशार, पण कधी गावात न आलेला. त्याने रजिस्टरचा खाना जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवला होता. मालकाचं नाव एक, आणि पुढे इतरांची संख्या.

"रजिस्टरमध्ये होतं तेच घेतलं," तो म्हणाला.

"रजिस्टरात जागा नव्हती. तुझ्या कॉम्प्युटरात कुठली रेघ आडवी येतेय?"

"शाहिस्ता, बारा दिवस राहिलेत. आणि समजा केला दुसरा खाना, त्यात भरणार काय? त्या म्हाताऱ्याच्या डोक्यातली नावं? उद्या कोणी म्हणालं की खोटं भरलंय, तर?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला. शेवटी तो म्हणाला, "कागद दाखव. एकशे सदतीसच्या एकशे सदतीस नावांचा कागद दाखव, रात्रीत खाना करून देतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही, बायकांची नावं लावताना घेतलेल्या अर्जांचा गठ्ठा शोधायला लागलो. पाण्यात टाकायच्या टीसीएल पावडरच्या पोत्यामागे कपाट, कपाटात लाल रुमालात बांधलेली दप्तरं. रुमालाच्या कडेची दुहेरी शिलाई मी लांबूनच ओळखली. तालुक्यातल्या कितीतरी कचेऱ्यांचे रुमाल अब्बांनीच शिवलेत. मनात म्हटलं, अब्बा, आता लाज राखा. गाठ सोडली तर आत माती. रुमाल शाबूत होता आणि अर्ज वाळवीने खाल्ले होते. धड निघाले चाळीस. त्यात चांगुणाबाईंचा नव्हता.

आण्णा खालीच बसले. "माझ्या हातनं पाप झालं म्याडम."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. पण रागावून कागद परत येत नाही. मग मी जे काम पगारासाठी करते तेच केलं. स्टूल ओढलं, वही उघडली आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.

"अर्ज हातात आला की तुम्ही काय करायचात?"

"आवक नंबर घालायचो."

"मग?"

"मासिक सभेपुढं ठिवायचो."

"सभेत काय व्हायचं?"

"काय व्हनार, च्या व्हायचा आन् ठराव व्हायचा."

"ठराव कशात लिहायचा?"

"ठरावाच्या वहीत." आण्णा एकदम थांबले. मग या वयाचा माणूस उठतो त्याच्या दुप्पट वेगाने उठले.

ठरावाच्या वहीला खाने नसतात. कोरं पान, या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळं ग्रामसेवकाचं. आणि जागा मिळाली की आण्णांसारखा माणूस हात आखडता घेत नाही. तीन पानं भरून, गोल अक्षरात, एकशे सदतीस घरं. घर नंबर, नवऱ्याचं नाव, त्यापुढे बायकोचं पूर्ण नाव. चव्वेचाळिसावी ओळ, 'चांगुणा रखमाजी'. खाली सूचक, अनुमोदक आणि सह्या. त्या सह्या वाचून मी आण्णांकडे पाहिलं. आण्णांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"आत्ता कुनाला बोलायचं न्हाई," ते म्हणाले.

सत्यजीतने शब्द पाळला. मालक एक, मालक दोन. मी एवढंच बजावलं की दोन्ही नावं एकाच मापाच्या अक्षरात आली पाहिजेत. पुढचे आठ दिवस आण्णा वही वाचायचे आणि मी नावं भरायचे. एकही नाव मी त्यांना पाठ म्हणू दिलं नाही, प्रत्येक ओळीवर बोट ठेवायला लावलं. ते कुरकुरले, पण बोट ठेवलं.

एक मेला शाळेच्या व्हरांड्यापुढे मांडव घालून ग्रामसभा भरली. झेंडावंदन झालेलं, मांडवात पुरुष पुढे, बाया मागे भिंतीला टेकून. टेबलावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर. सत्यजीत पुण्याहून इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. रखमाजी पुढच्याच ओळीत होता, शेजारी बापूसाहेब. त्यांचा व्यवहार बोलून झाला होता, फक्त उतारा हवा होता.

"पयला उतारा माझा काढा," रखमाजी म्हणाला. "शुभारंभ हुंद्या."

मी घर नंबर टाकला. प्रिंटर करकरला. कागद फाडून आण्णांनी रखमाजीच्या हातात दिला. त्याने वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला.

"हे दोन नंबरचं नाव कुनी घातलं? आधी तर माझं एकट्याचंच व्हतं. कॉम्प्युटर चुकलाय तुमचा."

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. सत्यजीत स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. मी बोलायला उठणार तोच आण्णा उभे राहिले.

"कॉम्प्युटर चुकला न्हाई. चुकलो मी," ते म्हणाले. "ह्या गावातल्या एकशे सदतीस बायांस्नी मी अडीच वर्सं इतर म्हणून लिवलं. खाना बारीक व्हता, ही सबब झाली. पुरवणी कागुद लावला असता तर हात झिजला नसता. म्या आळस केला." मग त्यांनी ठरावाची वही उघडली आणि सावकाश, एकेक नाव वाचायला सुरुवात केली. मागे भिंतीशी बसलेल्या बाया आपापल्या नावाला मान वर करत होत्या. सगळी नावं झाली तेव्हा आण्णांनी शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

"सूचक, सरपंच बापूसाहेब. अनुमोदक, सदस्य रखमाजी गेनू. सही बगा, तुमचीच हाय का."

आधी मागून कुणीतरी बाई हसली, मग सगळा मांडव हसला. रखमाजी तेव्हा पंचायतीचा मेंबर होता. असा ठराव झाला तर तालुक्यात गावाचा सत्कार होणार होता, म्हणून त्याने हात वर केला होता आणि विसरून गेला होता. बापूसाहेबही विसरले होते. त्यांनी वही हातात घेतली, स्वतःची सही पाहिली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"म्हंजी मीच सुचवलंय व्हय हे," ते म्हणाले. मग मागे वळले. "चांगुणाबाई, घर इकायचंय का तुला?"

"न्हाई," चांगुणाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण शेवटपर्यंत ऐकू गेला.

"मग इषय संपला. रखमाजी, मला न्हाई घ्यायचं."

दुसरी प्रत मी चांगुणाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती अपेक्षाकडे दिली. पोरीने वाचलं, घर नंबर, चतुःसीमा, मालक एक, मालक दोन.

"पुन्यांदा वाच," चांगुणाबाई म्हणाल्या. "समदं नगं. दोन नंबरचंच."

पोरीने ते तीनदा वाचलं. तोवर टेबलापाशी बायांची रांग लागली होती. त्या दिवशी मी एकशे सहा उतारे काढले, प्रिंटरची रिबीन फिकी पडेपर्यंत. सत्यजीत कागद फाडून देत होता आणि प्रत्येकीला नाव विचारून देत होता. पुढच्या वर्षी तोच फॉर्म शिरूर तालुक्यात गेला, आणखी कुठे कुठे गेला. त्यावर माझं नाव कुठेही नाही. पण तो दुसरा खाना माझा आहे, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

घरी आल्यावर अब्बांना सगळं सांगितलं. ते काजं करत ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गिऱ्हाईक होतं आणि नेहमीचा प्रश्न आला. अब्बा म्हणाले, "लोकांच्या घरावर राहून गेलेली नावं लावते." गिऱ्हाइकाला लगेच कळलं. "वा," तो म्हणाला, आणि या खेपेला अब्बांनी हात वर करायला लावलं नाही.

तो गेल्यावर अब्बांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"आपल्या घराच्या कागदावर कोण आहे गं?"

"तुम्ही."

"और रशिदा?"

अम्मी दुकानामागच्या घरात भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"नाही अब्बा," मी म्हणाले. "इतरसुद्धा नाही."

अब्बांनी गळ्यातला टेप काढला, गुंडाळून खणात ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"नगरपालिका किती वाजता उघडते?" त्यांनी विचारलं.