ज्याची त्यानं ठेवायची

"शांततेच्या नावानं गावभर गळे काढायचे, आणि आपलं टेबल बघा. दोन मिनिटं शांत उभं राहील तर शपथ."

टेबलाखालून वेल्डरची कुरकुर चालली होती. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे बूट. वहिनी शेजारच्याच बाकावर चादर पसरून इस्त्री फिरवत होती, त्यामुळे शब्दन् शब्द तिच्या कानावर पडत होता, आणि तो पडावा म्हणूनच वेल्डर बोलत होता.

"पुठ्ठा घाला एका पायाखाली," ती म्हणाली.

"पुठ्ठाच घालतोय वर्षभर. पुठ्ठे झिजले, पायाची खोड जात नाही. लोकांच्या बंदुका कापून त्यांच्या दारांना कड्या करून देतो मी, पण मंडळाच्या टेबलाकडे कोणाचं लक्ष नाही."

"मग तुम्हीच करा की नीट. वेल्डर ना तुम्ही?"

"लाकडाला वेल्डिंग होत नाही, वहिनी."

एरवी ती हसली असती. आज तिची इस्त्री चादरीच्या एकाच कोपऱ्यावर येरझाऱ्या घालत होती, आणि तो कोपरा केव्हाच सपाट झाला होता.

बंद पडलेल्या बस डेपोची ही शेड शांततेचं काम करणाऱ्या या मंडळाला रविवारपुरती मिळायची. जमिनीवर तेलाचे जुने डाग, भिंतीवर कधीच न येणाऱ्या गाड्यांच्या वेळा, आणि मधोमध हे डुगडुगतं टेबल. घरातली बंदूक ज्यांना नकोशी झाली ते रविवारी इथं यायचे. ठाण्यातला हवालदार कोपऱ्यात बसून परवाना बघायचा, बंदूक रिकामी आहे ना तपासायचा आणि उरलेला वेळ जांभया द्यायचा. मग ज्यानं आणली त्यानं ती स्वतःच्या हातानं पांढऱ्या चादरीवर ठेवायची. वेल्डर सगळ्यांदेखत ती कापायचा, आणि पुढच्या रविवारी त्याच लोखंडाची एक कडी घरी न्यायला मिळायची. आसपासच्या कितीतरी घरांची दारं आता त्या कड्यांनी बंद होत होती.

'ज्याची त्यानं ठेवायची' हा नियम वहिनीचा. कोणाच्या हातातून बंदूक घ्यायची नाही. हातातून घेतली की ती हिसकावल्यासारखी वाटते, आणि हिसकावलेली वस्तू माणूस पुन्हा विकत आणतो, असं तिचं म्हणणं. शाळा लहानपणीच सुटली होती, पण जुने कपडे उसवून पुन्हा बेतता बेतता माणसंही थोडीफार बेतता येऊ लागली होती तिला. नियम खरंच चांगला होता. लांबलांबून लोक येऊन तो समजून घेऊन गेले होते, आणि ती तो समजावताना जरा ताठ बसायची.

तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली ती तिच्या धाकट्या दिरानं. तो तिचा दीर, म्हणून त्याची ती वहिनी. पण मंडळात त्याचं बघून सगळेच म्हणू लागले, तिच्याहून वयानं मोठे असलेले बँडवाले आजोबासुद्धा. दीर सैन्यातून आला तो एक पाय तिकडंच ठेवून. "पाय कुठं गेला विचारू नका, मलाही सांगून गेला नाही," असं म्हणून तो सभेची सुरुवात करायचा. लोक हसायचे, आणि हसता हसता ऐकू लागायचे. मंडळाला त्याच्यासारखा बोलणारा पुन्हा मिळाला नाही.

गेल्या वर्षी तो गेला. बंदूक साफ करताना अपघात झाला.

हे वाक्य पहिल्यांदा वहिनीच्या नवऱ्यानं उच्चारलं, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून, स्वतःच्या बुटांकडे बघत. कोणीतरी विचारलं, काय झालं, आणि थोरल्या भावाच्या तोंडून ते आलं. सगळ्यांनी ते पटकन उचललं. जड सामान एकट्यानं उचलू नये म्हणून दहा जण हात लावतात, तसं. मग मंडळानं त्याचा फोटो घालून पोस्टर काढलं: 'अपघात कोणाच्याही घरी होऊ शकतो.' वहिनी दर रविवारी टेबलापाशी उभी राहून तेच सांगायची. इतक्या वेळा सांगितलं की कुठं थांबायचं, कुठं आवाज बारीक करायचा, हे आता तिच्या गळ्याला आपोआप कळायचं.

आज ते पिस्तूल इथं येणार होतं. ठाण्यानं ते घरच्यांना परत दिलं होतं, आणि धाकटी जाऊ म्हणाली होती, रविवारी मी ठेवते. वर्तमानपत्राचा फोटोवालाही येणार होता.

"ज्याची त्यानं ठेवायची, हा तर तुमचा नियम," वेल्डर टेबलाखालून बाहेर येत म्हणाला. मग स्वतःचंच बोलणं कानावर पडून त्यानं उगाच पुठ्ठा झटकला. "म्हणजे... आज चालायचंच तसं."

बँडवाले आजोबा आले ते तोंड पाडूनच. सैन्याच्या बँडमध्ये त्यांनी जन्मभर तुतारी वाजवली होती. आता निवृत्त सैनिकांच्या कामासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते. सैनिकांसाठी आठवड्यातून एकदा मनाचा डॉक्टर यावा, एवढं एकच मागणं त्यांनी धरून ठेवलं होतं.

"पुन्हा नाही म्हणाले," ते बाकावर टेकत म्हणाले. "साहेब म्हणतात, तुमच्या भागात तसा प्रकार एकही घडलेला नाही. घडला तर कळवा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" वेल्डरनं विचारलं.

"काय म्हणणार? आपलं पोस्टरच लावलंय त्यांनी भिंतीला. त्यावर काय लिहिलंय ते त्यांनीच मला वाचून दाखवलं."

आजोबांनी वहिनीकडे पाहिलं आणि लगेच नजर भिंतीवरच्या गाड्यांच्या वेळांकडे नेली, जणू त्यांना आत्ता एखादी गाडी पकडायची होती. वहिनीनं चादरीची घडी घातली आणि कप विसळायचे आहेत म्हणून मागच्या नळाकडे निघून गेली. कप कालच विसळून ठेवलेले होते.

नळ सोडला की दर वेळी तिला ती दुपार आठवायची. नळाचा त्या दुपारशी काही संबंध नव्हता. पाण्याच्या आवाजात माणूस एकटा पडतो, एवढंच.

त्या दुपारी दीर तिच्या शिवणाच्या दुकानात आला होता. हातात कापडी पिशवी, पिशवीत वर पँट. पँटीच्या डाव्या पायाला आतून चेन बसवून हवी होती, म्हणजे लाकडी पाय घालता-काढताना खटपट नको. वहिनी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कोटात टाचण्या लावत होती, चार टाचण्या ओठांत धरलेल्या.

"आणि खाली हे आहे, वहिनी," तो म्हणाला. "हे पण ठेवून घे."

तिनं पिशवीत डोकावलं. टॉवेलात गुंडाळलेलं काय आहे ते तिला गुंडाळीवरूनच कळलं. तिनं टाचण्या ओठांतून काढल्या.

"भावजी, इथं कुठं? रविवारी टेबलावर ठेवा की. फोटोवाला येणार आहे. तुमच्यासारख्या सैनिकानं आपल्या हातानं ठेवली, तर आणखी दहा जण पुढं येतील."

"आजच ठेवून घे ना. रात्री घरात नको वाटते ती."

"नियम सगळ्यांना सारखा. घरच्या माणसाला सूट दिली तर लोक काय म्हणतील?"

तो थोडा वेळ दारात रेंगाळला. मग हसला. "बरं. पण फोटोत इस्त्रीची पँट पाहिजे हं. पाय एक असला तरी घडी दोन्हीकडे." आणि पँट तिथंच ठेवून पिशवी घेऊन गेला. रविवार उजाडला, पण तो नव्हता.

तिनं ऐकलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ओठांतल्या टाचण्या तिनं काढल्या होत्या. कान तर मोकळेच होते. 'रात्री नको वाटते' हे तिनं नीट ऐकलं होतं, आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातला फोटो होता: पांढरी चादर, सैनिकाचा हात, मागं ती. पँट अजून दुकानात टांगलेली होती. चेन बसवून झाली होती. एखादं गिऱ्हाईक विचारायचं, ही विकायची आहे का, आणि ती म्हणायची, नाही, कोणाची तरी आहे.

"वहिनी."

तिनं दचकून नळ बंद केला. मागं ड्रायव्हर उभा होता. सैन्यात त्यानं ट्रक चालवला होता, आता दुधाची गाडी चालवायचा. कितीतरी रविवारी तो मागच्या बाकावर मांडीत पिशवी घेऊन बसायचा आणि सभा संपली की तशीच पिशवी घेऊन परत जायचा.

"हवालदारांना दाखवली," तो म्हणाला. "रिकामी आहे. पण त्या टेबलापर्यंत जाणं नाही जमत मला. सगळे बघतात. तुम्ही घ्याल का?"

त्यानं पिशवी पुढं केली. पिशवीचे बंद त्यानं फार घट्ट धरले होते. वहिनीचे हात ओले होते. तिनं ते साडीला पुसले नाहीत, तसेच पुढं केले आणि पिशवी घेतली. तिच्या मोठ्या कात्रीपेक्षा ती जड होती. इतकं वजन रोज रात्री घरात घेऊन माणूस झोपतो तरी कसा, असं तिच्या मनात आलं.

"वहिनी," नळापाशी आलेला वेल्डर थबकला. "नियमाचं काय?"

"माझाच होता ना?"

"म्हणून तर विचारतोय."

"मग समजा, उसवला."

ड्रायव्हर मोकळे हात खिशात घालावेत की नाही अशा संभ्रमात उभा होता. वेल्डरनं त्याच्याकडे पाहिलं, वहिनीच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चहाकडे घेऊन गेला. वेल्डरला कुरकुर करायची सवय होती, पण कुठं करायची नाही हेही त्याला ठाऊक होतं.

ते दोघं बाजूला झाले तेव्हा वहिनीला शेडच्या मागच्या दारात धाकटी जाऊ दिसली. तिच्या हातात तीच कापडी पिशवी होती. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"ड्रायव्हरच्या हातातून घेतलीत," धाकटी म्हणाली. "त्यांच्या का नाही घेतली?"

वहिनीला वाटलं, आपण नळ पुन्हा सोडावा.

"तुला माहीत होतं?"

"पिशवी मीच भरून दिली होती, जाऊबाई. वर पँटची घडी मीच घातली, रस्त्यात कोणाला दिसू नये म्हणून. ते म्हणाले होते, ही घरात नको, रात्री मला माझी खात्री वाटत नाही. मी म्हटलं, जाऊबाईंकडे नेऊन द्या, त्या ठेवून घेतील." ती सावकाश बोलत होती, शब्द मोजून नाही, पण सांडू नयेत अशा बेतानं. "संध्याकाळी पिशवी रिकामी येईल म्हणून मी वाट बघत होते. आली तेव्हा पँट नव्हती. हे होतं."

"काय म्हणाले तेव्हा?"

"म्हणाले, वहिनी म्हणते रविवारी. फोटो निघणार आहे आपला. हसत होते."

वहिनी नळाच्या कट्ट्यावर बसली. तिची साडी ओली झाली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"वर्षभर बोलली का नाहीस मला?"

"तुम्ही बोलाल म्हणून," धाकटी म्हणाली. "दर रविवारी वाटायचं, आज बोलतील."

आत फोटोवाला आला होता. खुर्च्या ओढल्याचे आवाज, मुलांना दटावल्याचे आवाज. धाकटी आत गेली. थोड्या वेळानं वहिनीही गेली, कारण दुसरीकडे जायला दारच नव्हतं.

चादर टेबलावर पसरली होती. मागच्या ओळीत तिचा नवरा बसला होता, आपल्या बुटांकडे बघत. आजोबा पुढं, ड्रायव्हर वेल्डरशेजारी, हातात चहाचा कप. हवालदारानं धाकटीच्या पिशवीत पाहिलं आणि मान हलवली. आज त्याला जांभई आली नाही. फोटोवाल्यानं वहिनीला खूण केली, थोडं डावीकडे सरका, म्हणजे दोघी दिसाल.

ती सरकली नाही. ती जागच्या जागी उभी राहून बोलू लागली.

"गेल्या वर्षी माझा धाकटा दीर गेला," ती म्हणाली. गळ्याला पुढचं सगळं पाठ होतं, तो स्वतःहून पुढं निघाला. "तो सैनिक होता. हत्यार कसं धरायचं हे त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं कळत होतं. तरी एके रात्री घरात बंदूक साफ..."

इथं आवाज बारीक करायचा असायचा. आवाज बारीक झाला, आणि मग आलाच नाही. तिनं पुन्हा तोंड उघडलं. "साफ..." टाचण्या ओठांत धरल्यासारखं झालं, एकही शब्द बाहेर सोडता येईना.

माणसं वाट बघत राहिली. आजोबांनी डोळे मिटले. नवऱ्यानं पहिल्यांदाच बुटांवरची नजर वर उचलली आणि बायकोकडे पाहिलं, बोल असं म्हणत की नको असं, ते तिला कळलं नाही.

धाकटी पुढं झाली. तिनं टॉवेल सोडवून पिस्तूल चादरीवर ठेवलं. टेबल डुगडुगलं, पुठ्ठा सरकला, आणि वेल्डरनं पटकन पुढं होऊन टेबलाची कड धरली.

"साफ करत नव्हते ते," धाकटी म्हणाली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण शेड रिकामी असल्यासारखा शेवटपर्यंत गेला. "त्यांनी जीव दिला. त्याआधी ही बंदूक द्यायला आले होते ते. आणि ती आपण घेतली नाही."