लालासाहेबांच्या घरातलं पाणी

लालासाहेबांना नातू हवा होता. अंगणात तीन नाती हुंदडत होत्या, पण त्यांची मोजदाद लालासाहेब करत नसत. कोणी विचारलंच तर 'नानासोला अजून काय न्हाई' असं सांगून मोकळे होत. मुलगा नानासो मिलिटरीत, वर्षातले दहा महिने सरहद्दीवर. तरी दोष सून लीलाबाईचाच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. वाईच्या खाली कृष्णाकाठचा बागायती ऊस, शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद, आणि स्वतः सहा भावांतले एक. सहाही भाऊ बांधाच्या भांडणात एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे होते, तेवढं सोडलं तर घराण्याचं नाव मोठं होतं.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली होती. तिकडं आटपाडीकडे आपल्यातलीच घरं मोडकळीला आलेली. त्यातलं एक लालासाहेबांनी हेरलं. सयाजी नावाचा गृहस्थ, पाच मुलगे आणि एक मुलगी. ही मुलगी नानासोला दुसरी करायची. ऊसपट्ट्यातला कोणी सवतीवर लेक देणार नव्हता, पण हे कारण लालासाहेब सांगत नसत. ते बायकोला सांगत, "उन्हाच्या मुलखातल्या बाया लवकर बाळंत हुतात."

"कुनी सांगितलं तुमास्नी?" रंगूबाईंनी विचारलं.

हे त्यांना फार लागलं. अध्यक्षाला 'कोणी सांगितलं' असं विचारायचं म्हणजे काय. पण सुदैवाने सांगणारा त्यांच्या पगारावरच होता. संस्थेच्या साताऱ्याच्या कॉलेजात थोरवत नावाचे सर प्राणिशास्त्र शिकवत. ते तळ्यातल्या पाणपिसवांवर संशोधन करत होते. पाणपिसू म्हणजे मोहरीहून बारीक, झटके देत पोहणारा पाण्यातला किडा. गार भागातली आणि तापत्या भागातली पिसू कशी वाढते, कशी विते, हे सर बघत होते. आणि तीन वर्षं हंगामी असल्यामुळे अध्यक्षांच्या तोंडाकडेही बघत होते.

सयाजी एस.टी.ने आला त्याच दिवशी लालासाहेबांनी सरांना दोन बरण्या घेऊन घरी बोलावलं. सर चाचरत म्हणाले, "साहेब, हे किडे आहेत. माणसाला हे लावता येणार नाही."

"जीव तो जीव, सर. तुमी फकस्त बरनीतलं सांगा. कायम करायचं मी बघतो."

सगळे सोप्यात बसले. रंगूबाई दाराशी टेकल्या. लीलाबाई चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथंच थांबली. आपल्या डोक्यावर सवत आणायची ही बैठक आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिला कोणी जा म्हटलं नाही आणि थांब असंही म्हटलं नाही.

सरांनी पहिली बरणी उजेडात धरली. "ही आपल्या वाईकडच्या तळ्यातली. पाणी गार, म्हणून सावकाश वाढतात, अंगाने मोठ्या होतात, पिल्लं उशिरा घालतात."

"आपल्या पान्याचं अंगच येगळं," लालासाहेब सयाजीला म्हणाले.

"आणि ही आटपाडीकडची. तिथं पाणी तापतं. ह्या अंगाने बारीक, पण लवकर वयात येतात. लागोपाठ वीण."

लालासाहेबांनी मांडीवर थाप मारली आणि बायकोकडे बघितलं. त्यांचं काम झालं होतं. सरांनी इथं थांबायचं ठरलेलं होतं, पण वर्गात त्यांचं कोणी ऐकत नसे आणि इथं चार माणसं टक लावून ऐकत होती. सरांना राहवलं नाही.

"गंमत म्हणजे ह्या सगळ्या माद्या आहेत," ते म्हणाले. "पाणी चांगलं आहे, खायला भरपूर आहे, तोवर मादीला मादीच होते. मग गार मुलूख असो की तापता. नराची गरजच पडत नाही."

सयाजीची बशी ओठाशी थांबली. "गरजच न्हाई म्हंता?"

"नाही."

"मग नर हुत्यात तरी कवा?" लालासाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

"पाणी आटायला लागलं, दाटी झाली, खायला पुरेना, घाण साचली की. तळ्याचे दिवस भरत आले की नर दिसू लागतात."

मग लीलाबाईने पदर सावरला आणि पहिल्यांदाच सासऱ्यासमोर सरळ बघत म्हणाली, "मंजी मामंजी, ह्या घरातलं पानी अजून बिघाडलं न्हाई म्हनायचं. माझ्या तिन्ही पोरीच हायत."

"मानसाचं येगळं असतंय," लालासाहेब गरजले.

"मगाशी तर जीव तो जीव हुता," रंगूबाई दारातून म्हणाल्या. "आन तुमी सा भाऊ. माझ्या मामंजींच्या येळंला पानी कसं हुतं, ते इचारा की सरास्नी."

सरांनी दोन्ही बरण्यांची झाकणं उगाचच घट्ट केली. सयाजीने चहा संपवला, पिशवी काखेत मारली. "आमच्यातबी पाच पोरगं हायत, पाव्हनं," तो शांतपणे म्हणाला. "पान्याचं तर तुमी ऐकलंच, तुमच्या भरल्या पान्यात माझ्या लेकीलाबी पोरीच हुतील. पोरगी मी आमच्याच भागात बघून देतो. यष्टी चुकंल." आणि तो गेला.

स्थळ मोडलं. त्यानंतर नानासो रजेवर आला, तेव्हा लालासाहेबांनी तो विषय काढला नाही. पण वाईकडची बरणी त्यांनी सरांना परत नेऊ दिली नाही, देवळीत ठेवून घेतली. सकाळी उठलं की आधी ते विहिरीचं ताजं पाणी आणून बरणीतलं जुनं पाणी बदलत, चिमूटभर पीठ टाकत आणि चष्मा लावून बराच वेळ आत बघत बसत. नातवासाठी सून बदलायला निघालेला माणूस आता रोज एवढंच बघत होता, की आपल्या घरात नर तर जन्माला आला नाही ना.