शिंगवाला

नवाबभाईंची उडी चुकली आणि ते पुन्हा मेले. पडद्यावरचा शिंगवाला राक्षस दोन्ही हात वर करून नाचला. त्याचं ते नाचणं नवाबभाईंना मरण्याहून जास्त झोंबायचं. त्यांनी रिमोट चटईवर टाकला, उठून खिडकीपर्यंत गेले, रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून परत येऊन बसले.

पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, शाळेचे गणवेश कापून पडले होते. जून आला की अख्ख्या अहेरीतली पोरं एकदमच वाढतात. आणि टेलर भरदुपारी व्हिडिओ गेम खेळत होता.

"लोक काय म्हनतीन?" त्यांची बायको खैरुन दारातून म्हणाली.

"लोकायले सांग, मशीन बिघडली."

खेळ त्यांच्या मुलाचा, मुजफ्फरचा. मागच्या उन्हाळ्यात मित्रांसमोर तो या राक्षसाला संपवायच्या बेतात असताना नवाबभाईंनी प्लग उपटला होता. हाका मारून त्यांचा घसा बसला होता, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, कारण होतंच. पोरगा एक शब्द बोलला नाही. त्याच आठवड्यात तो नागपूरला मामाच्या गॅरेजमध्ये गेला, तो गेलाच. शुक्रवारी शेजारच्या वच्छलाबाईंकडे त्याचा फोन यायचा. तो आईशी बोलायचा आणि अब्बांचं नाव न काढता ठेवून द्यायचा. एका प्लगपायी? नवाबभाईंना ते पटेना. एवढं काय असतं त्या खेळात, हे बघायला म्हणून त्यांनी माळ्यावरून खोकं काढलं, आणि अडकले.

सुरुवातीला ते नमाजला जाताना फक्त टीव्ही बंद करायचे. टीव्ही झोपला म्हणजे राक्षसही झोपला, असा हिशेब. परत येऊन बघावं तर तेवढ्यात त्यानं यांना जाळून टाकलेलं असायचं. मग हळूहळू कळत गेलं. तो आधी खालून आग ओकतो, मग वरून. त्यानंतर डरकाळी फोडून वाकतो, तेवढाच काय तो मोका. तोवर उडी मारायची नाही, तलवार चालवायची नाही, गप्प बसून राहायचं. नवाबभाईंना गप्प बसणंच जमत नव्हतं. त्यांचे पाय चटईवरही शिलाई मशीन चालवत असायचे.

बुधवारी राक्षस अगदी मरायला टेकला, आणि लाईट गेली.

लाईट आली तेव्हा खेळातला त्यांचा छोटा शिपाई पहिल्या पुलावर उभा होता. सगळे पूल, सगळ्या भिंती पुन्हा. नवाबभाई बराच वेळ त्या शिपायाकडे बघत राहिले.

"खैरुन, मी प्लग काढला तवा त्यालेबी इथूनच सुरू करा लागलं असन ना?"

"त्यानं कुठी सुरू केलं मंग," ती म्हणाली, आणि आत गेली.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पोराची माफी मागावी असं फार वाटलं. पण बापानं पोराची माफी कोणत्या शब्दांत मागायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी राक्षस मेला. तो वाकला, नवाबभाईंनी वार केला, आणि तो शिंगांसकट कोसळला. बाजा वाजला, रंगीत फुलं उडाली. नवाबभाईंनी मागे वळून बघितलं. खैरुन तांदूळ निवडत होती.

"मेला?"

"मेला."

"बरं झालं," म्हणून ती पुन्हा सुपात बघू लागली. आनंदाऐवजी नवाबभाईंची चुळबुळच वाढली. ते दुकानात गेले, कात्री उचलली, ठेवली.

शुक्रवारी वच्छलाबाईंनी कुंपणावरून हाक मारली. खैरुन धावली, आणि आज तिच्या मागोमाग नवाबभाईही गेले. तिचं बोलणं होईस्तोवर ते ओसरीत येरझाऱ्या घालत होते.

"बसा ना, नवाबभाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोराचा फोन हाये, दवाखान्यातला नाई."

खैरुन फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी तिच्या हातून रिसीव्हर घेतला.

"मुजफ्फर."

त्यांचा पाय जमिनीवर मशीन चालवायला लागला.

"तो शिंगवाला मरून नाई राह्यला माह्याच्यानं."

खैरुननं चमकून त्यांच्याकडे बघितलं. नवाबभाईंनी तिच्याकडे पाठ केली.

"तुमी खेळता, अब्बा?" पलीकडून आवाज आला.

"खेळतो. लाईट गेली का पुन्हा पहिल्यापासून. लय जिवावर येते बेटा. तवा मले मालूम नव्हतं."

मुजफ्फर म्हणाला, "तुमी उडी मारत असान. उडी नाई माराची. आधी खालून आग येते..."

तो सांगत राहिला. नवाबभाई रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून ऐकत होते.

"समजलं नाई," ते म्हणाले. "पुन्हा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं.

"नाईच समजलं."

"फोनवर नाई समजत ते. दाखवा लागते. रविवारी येतो मी. तवरक तुमी एकटे नका मारू त्याले."

"माह्याच्यानं कुठी मरते तो," नवाबभाई म्हणाले. "तूच मार."