कढईला तीन भोकं

आठ दिवस बहिणीकडे राहून मी मर्गिलानला परतले, तर अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली माझी बिडाची कढई माती भरून ठेवलेली. तीत लाल जिरेनियम लावले होते. माझी सून ओयसुलुव त्यांना पाणी घालत होती आणि ते कढईच्या बुडातल्या भोकांतून ठिबकत होतं.

चाळीस वर्षं त्या कढईला मी साबण लावू दिला नव्हता. शंभर माणसांचा पुलाव तीत होई. गल्लीत लग्न असो की मयत, कढई आमचीच जायची. आणि ज्या घरची कढई, त्या घरच्या सुनेनं पुलावाची सगळी गाजरं चिरायची, ही आमच्या गल्लीची रीत.

"तुझ्या बापाच्या घरची होती का गं ही, भोकं पाडायला?"

"फुलं छान दिसतात तीत, आई."

"गेल्या महिन्यात तीन घरी जाऊन आली ती. अक्कल गहाण ठेवलीस की काय? उद्या मी मेले की अख्खा मोहल्ला पुलावाला येईल. त्यांना ही फुलं वाढणार आहेस?"

तिनं झारी खाली ठेवली आणि उजवा तळवा माझ्यापुढे धरला. त्यावर सुरीचा घट्टा होता. माझ्याही हातावर तो तिथंच आहे.

"बारा वर्षं गल्लीची गाजरं चिरली मी," ती शांतपणे म्हणाली. "बीड फार कडक असतं, आई. तीन भोकं पाडायला दोन दिवस लागले. एकदाही थांबावंसं वाटलं नाही."