कंबर तलावातल्या होडीनं ऐकलेली हाक

मी होडी बोलतेय. कंबर तलावाच्या काठावर बाभळीखाली पालथी पडलेय, ती मीच. माणसाशी बोलून फार दिवस झाले, म्हणून तुम्हाला थांबवलं.

चांदसाबनं मला आंब्याच्या फळ्या जोडून बनवलं, तलावातले शिंगाडे काढायला. बुडाला डांबर फासलं आणि दिलं पाण्यात लोटून. सोलापूरकर हवा खायला जायचे सिद्धेश्वराच्या तळ्यावर. इकडे कोण फिरकतंय? पाणकोंबड्या, बगळे, खंड्या आणि थंडीत दुरून येणारी बदकं, एवढाच माझा गोतावळा. तीही माझ्यावर घाण करून उडून जायची.

रविवारी गिरणीला सुट्टी. त्या दिवशी सोमलिंग यायचा. गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कापड विणायचा, खोलीत एकटाच राहायचा. बायको गोजाबाई गावी, दुधनीला. चांदसाब त्याच्या हाती मला रेटायचा बांबू देऊन मोकळा व्हायचा. सोमलिंग दिवसभर माझ्यात बसून पाखरं बघायचा आणि चकार शब्द बोलायचा नाही. मला वाटायचं, गडी शिष्ट दिसतोय.

एका थंडीत गोजाबाई त्याच्याकडे राहायला आली. महिनाभरातच तिनं परत जायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. जाण्याआधी तलाव तरी दाखवावा म्हणून सोमलिंग तिला घेऊन आला.

काठावर ती चांदसाबला म्हणाली, "चाचा, ह्ये घरात सारखं वरडत्यात. मी काय इचारलं तर उत्तर न्हाय. असल्या मानसाजवळ कसं ऱ्हायाचं?"

"बेटी, जाके पानी तो देखको आ. मंग बोल," चांदसाब म्हणाला.

सोमलिंग पुढे उभा राहून बांबू रेटत होता, ती मागे बसली होती. लव्हाळ्यापाशी बदकांचा थवा दिसला. "ती बघ!" तो इतक्या जोरात ओरडला, की सगळा थवा उडाला. पुढे गेलो, तिथेही तेच. दाखवायची हौस दांडगी आणि एक पाखरू जागेवर राहील तर शपथ! मला हसू आलं. गोजाबाईला रडू.

"अवो, हळू बोला की," ती म्हणाली. तो वळला नाही.

"अवो!"

तरी नाही. इतक्यात मागे बगळ्यांचं भांडण जुंपलं. केवढा कालवा! त्याची मान हलली नाही.

 मग गोजाबाईनं काठाकडे एकदा नजर टाकली, पदर सावरला आणि उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं ते नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं.

"सोमलिंग!"

बायकोची अशी हाक ऐकून कुठलाही नवरा ताडकन वळला असता. हा आपला बांबू रेटतच राहिला.

ती उठली. मी डुलले, तरी ती थेट त्याच्यापुढे जाऊन बसली आणि सावकाश ओठ हलवत म्हणाली, "ऐकू येत न्हाय व्हय तुमास्नी?"

साच्यावरच्या माणसांना ओठ वाचायची सवयच असते. त्यानं बांबू खाली ठेवला.

"साच्यांच्या आवाजानं कान गेलं. कुनाला सांगू नगं, कामावरनं काडतील." मग मान खाली घालून म्हणाला, "तुला सांगितलं असतं, तर बहिऱ्याजवळ ऱ्हायली असतीस व्हय?"

गोजाबाईनं त्याची हनुवटी वर केली. "मी उद्या जात न्हाय."

त्याला खरं वाटेना. तिला ते पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. दोघं नुसत्या ओठांनी बोलत राहिली, तशी बदकं परत येऊन आमच्या शेजारी तरंगू लागली.

पुढच्या रविवारी मी वाट पाहिली. त्याच्या पुढच्याही. सोमलिंग पुन्हा आला नाही. त्याला घरी बोलायला माणूस मिळालं होतं. बरं झालं म्हणते, पण मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग चांदसाब वारला. शिंगाडे काढायला कुणी उरलं नाही. माझं बूड कुजलं आणि कुणीतरी मला ओढून इथे पालथं टाकलं.

दिवेलागण झाली, निघा आता. घरी कुणी मागून हाक मारली, तर वळून बघा. माझ्या हाकेला तुम्ही थांबलात, मला तेवढंच पुष्कळ आहे.