रंगुबाईच्या दुकानातला पहिला चेक

रंगुबाईच्या किराणा दुकानात पहिला चेक आला तो लंकामुळे. नववीत गेल्यापासून लंकाला वाटायचं, जगात जे जे नवं निघतं ते आधी सोनईला येतं, आणि सोनईहून शिंगणापुरापर्यंत आणायचं काम आपलं! तिची शाळा सोनईला. शाळेजवळ बँकेची नवी शाखा निघाली, तर हिनं हट्ट करकरून आईचं खातं काढायला लावलं. पाच रुपये भरून.

एकाहत्तर सालचा माघ होता. साखर कारखाना उसाचे पैसे बँकेत जमा करू लागला होता. ज्यांना चेकबुक मिळालं त्यांची ऐट काही विचारू नका! पण चेक घ्यायचा कुणी? सोनईचे व्यापारी घ्यायचे, शंभराला दोन रुपये वटाव कापून. म्हणून वस्तीवरचे ऊसवाले रंगनाथतात्या चेकबुक घेऊन रंगुबाईकडं पोरीच्या लग्नाचा किराणा न्यायला आले ते कुरकुरतच.

"पैसे माझे, अन् दंड बी मलाच!"

"आमी न्हाई कापणार," लंका म्हणाली.

"तू गप गं!" रंगुबाई डाफरली. "सोनईचे व्यापारी काय येडे हायेत?"

"येडे न्हाईत, लबाड हायेत. बँक त्यांच्याकडनं छदाम घेत न्हाई, मी साहेबांना विचारलंय. तात्यांचं खातं त्याच बँकेत, आपलं बी त्याच बँकेत. आपण कापलं न्हाई तर सगळे ऊसवाले आपल्याकडं येतील बघ."

रंगुबाईनं मांडणीकडं पाहिलं. एकशे ऐंशी रुपयांचा माल, म्हणजे निम्मं दुकान. नवरा वारल्यापासून मायलेकींचं सगळं या दुकानावर. ते पैसे आले नाहीत तर पुन्हा माल भरायला तिच्याजवळ काही नव्हतं.

"बुडालं तर दुकान बसंल, लंके."

"बुडत न्हाई!"

शेवटी रंगुबाईनं मान डोलावली. तात्यांनी जीभ दाताखाली धरून, अक्षर अक्षर कोरत सही केली आणि गूळ, डाळी, तेलाचे डबे गाडीत भरून नेले.

तो शुक्रवार. शनिवारी शनिदेवाच्या दर्शनाच्या गर्दीनं शिंगणापुरात पाय ठेवायला जागा नसते, दुकानातून हलायची सोय नाही. तेव्हा चेक सोमवारी भरायचं ठरलं. तोवर रंगुबाईनं तो जशा नोटा ठेवायची तसाच ठेवला, फळीवरच्या थाळीत, वर शंभर ग्रॅमचं वजन. दुकानाला दार नव्हतंच. गावात कुणाच्याच घराला नव्हतं. अडलेला माणूस अपरात्री यायचा, मीठ घ्यायचा, थाळीत पैसे टाकून जायचा. देवाच्या धाकानं त्या थाळीला आजवर कुणी हात लावला नव्हता.

पण देवाचा धाक माणसाला. शेजारच्या आक्काबाईच्या शेळीला तो कुणी शिकवायचा?

रविवारी सकाळी लंका दुकानात आली तर शेळी थाळीत तोंड घालून उभी. वजन खाली घरंगळलेलं, आणि चेकचं एक टोक तिच्या ओठाबाहेर. लंका किंचाळली तोवर तेही आत गेलं.

किंकाळी ऐकून रंगुबाई धावत आली. मग तोंडाचा पट्टा सुटला. "तेल गेलं, गूळ गेला, अन् पैसे शेळीच्या पोटात! जा आता, तुझ्या साहेबाला म्हणावं शेळी वटवून द्या!"

तात्या सरळ म्हणू शकत होते, मी चेक दिला, माझा संबंध संपला. लंका तशीच धावत त्यांच्या वस्तीवर गेली. मांडवाचे खांब रोवणं चाललं होतं. ऐकून तात्या आधी पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले.

"दुसरा देतो गं. पन उद्या पैला बी कुनी वटवला, तर मी दोनदा नागवलो की! शेळीनं खाल्ला याला साक्ष कोन?"

"मी हाय!" मागून आक्काबाई धापा टाकत आली. "माजीच शेळी. शनिदेवाच्या गावात खोटं बोलू व्हय?"

"अन् तात्या," लंकाला एकदम सुचलं, "गेला तो कागद! पैसे कुठं गेलेत? ते तुमच्या खात्यातच हायेत. नोटा खाल्ल्या असत्या तर गेले असते. बँकेला सांगू, या नंबरचा चेक कुणी आणला तर पैसे देऊ नका. नंबर तुमच्या चेकबुकात हाय. अर्ज मी लिहिते."

सोमवारी चौघं गाडीनं सोनईला गेली. साहेबांनी अर्ज वाचला, 'कारण: शेळीने खाल्ला' पाशी थांबले आणि चष्म्यावरून चौघांकडं बघत राहिले.

"याचा एक रुपया आकार पडेल."

रंगुबाईनं लंकाकडं असं पाहिलं की लंकाला वाटलं, आपल्यालाच शेळीनं खावं. पण आक्काबाईनं कनवटीचा रुपया काढून टेबलावर आपटला. "घ्या! शेळी माजी, आकार बी माजा."

तात्यांनी दुसरा चेक लिहिला. कारकुनानं तो रंगुबाईच्या खात्याला भरून घेतला आणि पासबुकावर शिक्का मारला.

"हे आकडे झाले," रंगुबाई म्हणाली. "पैसे कुठायत?"

"आत आहेत, बाई."

"काढा. सगळे."

ती चौथी शिकलेली. तिनं सही केली, नोटा घेतल्या आणि बाकावर बसून मोजू लागली. मोजून झाल्या, पुन्हा मोजल्या. लंकाचा जीव टांगणीला. आता आई या पदरात बांधणार, आणि चेकचं नाव परत काढू देणार नाही!

रंगुबाई उठली. पुन्हा खिडकीशी गेली आणि नोटा आत सरकवल्या.

"हायेत खऱ्या. ठेवा आता."

"अहो बाई, मग काढल्यात कशाला?"

"बघायला." ती जरा घुटमळली. "अन् मला बी एक चेकबुक द्या. माल भरायचाय."

लंका जागच्या जागी उडाली. "आई! अन् व्यापाऱ्यानं वटाव मागितला तर?"

"मागून तर बघू दे," रंगुबाई पदर खोचत म्हणाली. "चल, तू हायेस ना बोलायला."