पाठ हाय, येत नाय

खोडरबराच्या तुकड्यावर एका बाजूनं दातांच्या खुणा होत्या – बारीक, ओळीनं बसलेल्या, खारीनं कुरतडल्यासारख्या. तेजस्विनीनं तो दोन बोटांत फिरवला. तिकिटाचे पैसे काढताना तो हाताला लागला होता. पर्समध्ये आपण तो कधी टाकला, ते तिला आठवेना. काल मोहिनी बोलत होती तेव्हा हा तिच्या मुठीत होता, आणि बोलणं संपल्यावर टेबलावर ठेवून ती निघून गेली होती. विसरून नव्हे, ठेवून... असं तेजस्विनीला आता उगाचच वाटलं. कंडक्टर समोर ताटकळत उभा होता. घोटीच ना, असं त्यानं स्वतःच विचारलं, स्वतःच मान हलवली आणि तिकीट तिच्या हातात देऊन पुढं सरकला.

बस नाशिकचा पाथर्डी फाटा मागं टाकून हायवेला लागली. गेली अकराएक वर्षं हीच बस, शक्यतो हीच खिडकी, आणि विल्होळी येईपर्यंत डोळे मिटून घ्यायची सवय. आज डोळे मिटले की कालची दुपार समोर यायची आणि उघडले की खिडकीच्या काचेवर स्वतःचाच चेहरा. दोन्ही नको वाटत होतं.

‘मॅडम, मी यंदा परीक्षेला नाय बसत. पुढच्या साली बसते.’

मोहिनी म्हणजे दहावीतली पहिली किंवा दुसरी. तिसरी कधीच नाही. घोटीच्या वर डोंगरात तिचं गाव, तिथून जीपनं यायची. पहिल्या बाकावर बसायची, विचारलं तर घडाघडा सांगायची, न विचारलं तर गप्प. अशा मुली वर्गात असल्या की शिक्षकाला बरं वाटतं आणि हळूहळू त्या दिसेनाशा होतात. तिनं परीक्षेला बसायचं नाही म्हणजे... तेजस्विनीला आधी वाटलं, घरी लग्नाचं काढलं असेल. तसं काही नव्हतं. आजारी? नाही. मग?

‘मला सगळं पाठ हाय, मॅडम. येत नाय.’

हे वाक्य ती अगदी शांतपणे बोलली. मग मोहिनीनं सांगितलं. गणितात पुस्तकातलं उदाहरण झाकून, आकडे बदलून तिनं स्वतःच स्वतःला घालून पाहिलं, आणि हात जागचा हलेना. मग नववीचं काढलं, तिथंही तेच. आठवीच्या पुस्तकात मात्र तिला एक जागा सापडली. तिथपर्यंत तिला येत होतं आणि तिथून पुढं ती नुसती पाठ करत आली होती, दोन वर्षं, शंभरातले नव्वद मिळवत. आता तिला त्या जागेपासून पुन्हा निघायचं होतं. त्याला वर्ष लागेल. घाईनं केलं तर पुन्हा पाठच होईल, हे तिला माहीत होतं. ‘तुम्हीच म्हनले ना मॅडम, आपल्याला कुठवर येतं ते खरं खरं बघायचं.’

हो. मीच म्हणाले होते.

जूनमध्ये हेडमास्तरांच्या मागं लागून तेजस्विनीनं दहावीसाठी आठवड्याचा एक तास मागून घेतला होता. त्या तासाला कुणी डॉक्टर व्हा, पोलीस व्हा असं सांगायचं नाही, भाषण द्यायचं नाही. मुलांनीच आपल्याकडं पाहायचं – काय येतं, काय येत नाही, काय शिकावंसं वाटतं, आणि त्याची वाट कुठून जाते. मी सांगणार नाही, तुमचं तुम्ही ठरवायचं, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली तेव्हा मुलं तिच्याकडं अशी पाहत राहिली, जणू मॅडमना धड्याचं उत्तर आठवत नाहीये आणि आपण ते दाखवून द्यायचं नाही. मग हळूहळू मोकळी झाली. नाथा भाताच्या गिरणीतली जळालेली मोटर नवी तार गुंडाळून भरायला शिकला, दिवाळीच्या आत. निकितानं नर्सिंगचं शिक्षण कुठं कुठं मिळतं ते स्वतः फोन करकरून शोधलं आणि वर्गात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. तेजस्विनी हे स्टाफरूममध्ये सांगायची, घरी रविराजला जेवताना सांगायची. तो मान डोलावत भाजी वाढून घ्यायचा. आपल्या हातून काहीतरी खरं होतंय असं तिला फार दिवसांनी वाटत होतं... आणि आता हे.

मोहिनीचं खरं होतं, हीच पंचाईत होती. स्वतःचं शिकणं इतक्या प्रामाणिकपणे तपासलेलं दुसरं मूल तिनं आजवर पाहिलं नव्हतं. उद्या बोलू, एवढंच ती काल म्हणू शकली होती.

गोंद्याला कारखान्यांची माणसं उतरली आणि बस अर्धी रिकामी झाली. तेजस्विनीला येवल्याची आपली दहावी आठवली, कारण नसताना. की कारण होतं? भूमितीच्या पेपरात प्रमेय आलं होतं, तिला तोंडपाठ असलेलं. तिनं ते झरझर लिहून काढलं आणि मग लक्षात आलं की पेपरातल्या आकृतीत त्रिकोण पीक्यूआर आहे आणि आपण सगळीकडं एबीसी लिहिलंय. मग एकेक अक्षर खोडून त्यावर दुसरं. काही न कळता, नुसतं ए तिथं पी, बी तिथं क्यू... पूर्ण गुण मिळाले होते. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. पुढं बारावी, डी.एड., बी.ए., नोकरी, रविराजचं स्थळ – सगळं वेळच्या वेळी, कुठं थांबणं नाही, मागं वळणं नाही. त्यातलं काही वाईट निघालं असंही नाही. मग हे काय खुपतंय?

शाळेत पाऊल टाकताच शिपायानं सांगितलं, सरांनी बोलावलंय. हेडमास्तर भोर सर खुर्चीत रेलून बसले होते. रागावलेले नव्हते, त्यांना रागावता येत नसे, ते फक्त दमायचे. परीक्षेला नावं पाठवायचा आज शेवटचा दिवस, आणि गांगडची पोरगी, ती मोहिनी, क्लार्कला म्हणते माझं नाव घालू नका, हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. तेजस्विनीनं जमेल तसं सांगितलं. सांगताना आपलं बोलणं आपल्यालाच पोकळ ऐकू येतंय असं तिला वाटलं. ती म्हणाली, वर्षभर वर्गात बसू द्या तिला, पुन्हा दहावीत. सरांनी मान हलवली. तसं होत नाही. मग तिला बाहेरून बसावं लागेल, म्हणजे शाळा सुटलीच. तिच्या आईला निरोप धाडला होता, मधल्या सुट्टीत येईल.

‘तुमचा तास चांगला आहे, मॅडम,’ सर शेवटी म्हणाले. ‘मी कुठं नाही म्हणतो? पण नियोजन म्हणजे पुढं जायचं नियोजन. मागं जायचं कुणी करतं का?’

सरांचं वाक्य चुकीचं होतं आणि तेच डोक्यात घेऊन ती वर्गावर गेली.

मधल्या सुट्टीत मोहिनीची आई वत्सलाबाई आल्या. पदराला भाताचं कुसळ चिकटलेलं. झोडणी अर्ध्यावर टाकून आल्या होत्या. प्रयोगशाळेच्या खोलीत तेजस्विनीनं त्यांना खुर्ची दिली, त्या टेकल्यासारख्या बसल्या. मोहिनी कपाटाला पाठ लावून उभी. बाहेर खिचडीच्या रांगेतला गोंगाट चालू होता.

नवरा, मंगळू, द्राक्षाच्या कामाला निफाडकडं गेलेला. भात घरात आलं की त्याही जाणार होत्या, आणि मोहिनी आजीजवळ राहणार होती परीक्षेपर्यंत. असं ठरलेलं. मुलीनं हे नवीन काढलेलं त्यांना काल रात्री कळलं होतं. अजून त्यांनी बापाला सांगितलं नव्हतं.

‘हिला काय येत नाय म्हनती. मला काय त्यातलं कळतंय, बाई? येत नसंल. पर घरी बसली का पोर दिसती. शाळेत जाती तवर कुनाला दिसत नाय. माझ्या भनीची मैना एक साल घरी राहिली, तर पाव्हनं दारात. आता तिच्या कडंवर लेकरू हाय.’

बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता. पदरावरचं कुसळ त्यांनी काढलं, टाकायला जागा दिसेना म्हणून मुठीत धरलं.

‘तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकती ती.’

तेजस्विनीच्या तोंडात वाक्य तयार होतं, चार-पाच महिने सरावाचं झालेलं – मी ठरवणार नाही, तिचं तिनं ठरवायचं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. दिसत होतं ते एवढंच की डोंगरातल्या त्या घरात एक वर्ष म्हणजे नुसतं वर्ष नसतं. आठवीचं पुस्तक उघडून बसलेली मोहिनी, आजी, दारावरून जाणारे-येणारे, मग कुणी पाण्याला थांबलेलं, मग कुणी चहाला... आणि मी इथं घोटीत कुणाला तरी सांगत असणार, तुमचं तुम्ही ठरवा. तिनं मोहिनीकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी असती तर बरं झालं असतं. विनवणी नव्हती. मॅडम आता काय करतात ते पाहायचं, एवढंच होतं.

‘नाव पाठवू दे त्यांना, मोहिनी,’ तेजस्विनी म्हणाली. ‘बस परीक्षेला.’

‘हो मॅडम.’

लगेच. क्षणाचाही वेळ न घेता, घडाघडा उत्तर द्यायची तशी. वत्सलाबाईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला, हात जोडले, आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला क्लार्ककडं घेऊन गेल्या.

नंतरचे तास तिनं घेतले. काय शिकवलं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आठवीच्या वर्गात कविता चालू होती आणि मुलं एका सुरात तिच्यामागून म्हणत होती, आणि तो एक सूर तिला अचानक सहन होईना, ती थांबली, मुलंही थांबली, मग पुन्हा सुरू केलं. ‘हो मॅडम.’ हा शब्द दहावीच्या वर्गातून घालवायला किती महिने गेले होते, आणि तो परत यायला एक वाक्य पुरलं. पण दुसरं काय सांगणार होते मी? वाचवलं मी तिला. वाचवलंच... मग आपण चोरी करून आल्यासारखे का चालतोय व्हरांड्यातून? भोर सर समोरून आले, समाधानानं हसले. तीही हसली, आणि ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं, कुठं ठेवावं कळेना.

संध्याकाळी स्टँडवर नाशिकची बस लागलेली नव्हती. बाहेर जीपवाले आपापल्या गावांची नावं ओरडत होते. मोहिनी रस्ता ओलांडून तिच्याकडंच येत होती. पळून जावंसं वाटलं तेजस्विनीला, खरोखर वाटलं.

‘नाव गेलं, मॅडम.’

‘बरं झालं.’

‘परीक्षा तुम्ही सांगितली म्हनून देते,’ मोहिनी म्हणाली. आवाज दुपारसारखा नव्हता. थोडा कापत होता, पण थांबत नव्हता. ‘पन ते मी सोडलं नाय. आठवीपासनं करायचंय ते करतेच. परीक्षेच्या आधी, परीक्षेच्या नंतर, कवाबी. आन् एकटीला जमत नाय. तुम्ही बसायचं माझ्यासंगं.’

तेजस्विनी म्हणाली की ती मराठी शिकवते, गणिताचे सर आहेत, त्यांना ती सांगेल.

‘सरांना येतं, मॅडम. त्यांना येतं म्हनून ते पटकन सांगून टाकत्यात.’ ती जरा थांबली. ‘ऋणाला ऋणानं गुणलं का धन येतं. का येतं?’

‘नियमच आहे तो,’ तेजस्विनी म्हणाली.

मोहिनी हसली नाही. नियमाच्या पुढं आणखी काही येईल म्हणून ती उभी राहिली, रहदारीच्या कडेला, दप्तराचे दोन्ही पट्टे धरून. मग जीपवाल्यानं हाक मारली. ती वळली, मागच्या बाजूला बायकांच्या गर्दीत तिनं स्वतःला कोंबलं, जीप निघाली.

बसमध्ये जागा मिळाली, पण खिडकी नाही मिळाली. शेजारची बाई वाडीवऱ्हेपर्यंत झोपून होती. रविराजचा फोन आला, किती वेळ लागेल. तिनं सांगितलं, लागेल थोडा.

ऋण म्हणजे मागं. मागं तोंड करून... नाही, मागं तोंड करून मागं चाललं तर पुढं जातो का आपण? जातो. म्हणजे, तोंड मागं, पावलं उलटी... तिनं मनातल्या मनात चालून पाहिलं आणि दुसऱ्या पावलाला गोंधळ झाला, कारण गुणणं म्हणजे चालणं नव्हे, मग गुणणं म्हणजे काय? किती वेळा. ऋण वेळा एखादी गोष्ट कशी करायची? न केलेली गोष्ट पुन्हा न करणं... दिलेलं परत घेणं... एका धाग्याचं टोक हाताशी आल्यासारखं व्हायचं आणि बस खड्ड्यात आदळली की निसटायचं. आपण त्या मुलीचं आज चांगलं केलं की वाईट, तेही मध्येच डोकं वर काढायचं, आणि त्याचंही उत्तर येत नव्हतं, आणि दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळून जात होते.

विल्होळी गेलं असावं. समोरच्या गाड्यांचे दिवे काचेवरून सरकत होते. तेजस्विनीनं पुन्हा सुरुवातीपासून मांडायला घेतलं – आधी साधं, तीन वेळा दोन. हे येतं. तीन वेळा ऋण दोन. हेही येतं, थांब, खरंच येतं का? हो, येतं. आता ऋण तीन वेळा... इथं. हीच ती जागा. इथवर आपल्याला येतं आणि इथून पुढं आपण नुसतं म्हणत आलोय, इतकी वर्षं, न अडखळता. तिथं पाय टेकत नव्हता, आणि तिथून हलावंसंही वाटत नव्हतं.